भाकरी चालेल, पण केवढी? सांगलीतील एका आहारसल्ला केंद्राचा तीन महिन्यांचा अनुभव

विश्रामबाग भागातील एका आहारसल्ला केंद्रात मी नुकतेच तीन महिने पूर्ण केले. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार तेथे बसणाऱ्या आहारतज्ज्ञ मुलीबद्दल नसून तिच्या हाती दिलेल्या छापील तक्त्याबद्दल आहे, आणि त्याच्या सख्ख्या भावंडांसारखे तक्ते मी सांगली-मिरजेत इतरही ओळखीच्यांच्या फ्रिजवर चिकटवलेले पाहिले आहेत. वजन कमी करायचे म्हणजे नेमके काय खायचे आणि काय टाळायचे, हा एकच प्रश्न घेऊन मी तेथे गेले होते. त्याचे उत्तर कितपत मिळाले, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

माझे वय ५२, उंची १५८ सेंटिमीटर आणि पहिल्या दिवशीचे वजन ७४ किलो होते. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) साडेएकोणतीसच्या थोडा वर. भारतीयांच्या बाबतीत २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, त्यामुळे ‘थोडीशी सुटले आहे’ असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. तीन महिन्यांचे शुल्क ४,५०० रुपये, त्यात सहा भेटी आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपवर शंका विचारण्याची मुभा. पहिल्याच भेटीत थायरॉईड आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर) यांचे अहवाल मागितले गेले, ते पाहिल्याशिवाय एक शब्दही लिहून दिला नाही, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून यायला सांगितले जाते. जेवण घटले आणि औषध तेवढेच राहिले, तर रक्तातील साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. केंद्राची ही शिस्त मला मनापासून आवडली. आजूबाजूला एकमेकींचे पाहून दिवसातून दोनदाच जेवू लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

त्यानंतर हातात तो तक्ता आला. हिरव्या रकान्यात चालणारे पदार्थ, पिवळ्यात कधीतरी चालणारे आणि लाल रकान्यात बंद असलेले. हिरव्यात क्विनोआ, ब्रोकोली, चिया, ओट्स, ज्वारीची भाकरी, गूळ आणि ‘चार मनुका’. लालमध्ये चपाती, भात, साखर, शेंगदाणे, केळे आणि द्राक्षे. तासगावच्या बागांपासून तासाभराच्या आत राहणाऱ्या बाईला द्राक्ष बंद आणि बेदाणा चालू असे सांगणारा कागद कोठे छापला असावा, याची शंका मला तेव्हाच आली. बेदाणा म्हणजे पाणी उडालेले द्राक्षच. सुमारे चार किलो द्राक्षे वाळवली की एक किलो बेदाणा होतो. शंभर ग्रॅम द्राक्षांत जेथे सत्तरच्या आसपास कॅलरी असतात, तेथे शंभर ग्रॅम बेदाण्यात सुमारे तीनशे असतात. चार मनुकांनी कोणाचे बिघडत नाही हे खरे, पण मग आठ-दहा ताज्या मण्यांनीही बिघडायचे कारण नाही. गुळाचे तेच. आपला सगळा मुलूख उसाचा, त्यामुळे गुळाला मान देण्यात मला अडचण नाही. परंतु साखरेच्या शंभर ग्रॅममध्ये चारशे आणि गुळाच्या शंभर ग्रॅममध्ये पावणेचारशेच्या पुढे कॅलरी असताना एकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवा रंग देणे म्हणजे चहात गूळ घालून निर्धास्त होणाऱ्यांची फसगत आहे.

सर्वात महाग पडली ती मात्र भाकरी, कारण ती हिरव्या रकान्यात होती आणि तिच्यापुढे आकडा लिहिलेला नव्हता.

पहिले तीन आठवडे मी चपाती पूर्ण सोडली, दोन्ही वेळा भाकरी खाल्ली, रोज संध्याकाळी आमराईत चार फेऱ्या मारल्या, आणि वजन जेमतेम तीनशे ग्रॅमने हलले. दुसऱ्या भेटीत मी थोड्या रागानेच हे सांगितले. त्यावर त्या मुलीने, वयाने माझ्या लेकीएवढी असेल, शांतपणे विचारले, “काकू, तुमची एक भाकरी किती ग्रॅम पिठाची?” तीस वर्षे भाकरी थापणाऱ्या बाईला हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. तिने सुचवल्याप्रमाणे घरी येऊन पिठाचा डबा काट्यावर ठेवला, एका भाकरीचे पीठ परातीत काढून डबा पुन्हा तोलला, आणि फरक ११० ग्रॅम निघाला. आमच्याकडे भाकरी तव्याएवढी होते, आणि सासूबाईंच्या मते तशी न होणारी ती भाकरीच नव्हे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात ३३० ते ३५० कॅलरी असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढ्याच. म्हणजे माझी एक भाकरी साडेतीनशेच्या पुढे जात होती. उलट माझ्या चपातीला पीठ ३५ ग्रॅम लागते. वरून लावलेले तेल धरले तरी ती दीडशेच्या आतच राहते. मला दिवसाला चौदाशे कॅलरींची मर्यादा घालून दिली होती, त्यात दोन वेळच्या दोन भाकऱ्यांनीच निम्म्याहून अधिक जागा अडवली होती. चपाती सोडल्याचे पुण्य मी भाकरीत बुडवून खात होते.

या एका तोलण्यानंतर केंद्राची सेवा माझ्या दृष्टीने बदलली. त्या मुलीने छापील तक्ता बाजूला ठेवला (तो शहरातील मुख्य कार्यालयाकडून येतो आणि प्रत्येकाला द्यावाच लागतो, असे तिने हळूच सांगितले) आणि कोऱ्या कागदावर आमच्या घरातील पदार्थ लिहायला घेतले. आधार म्हणून तिने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतील ताट दाखवले. दोन हजार कॅलरींच्या त्या ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे धरले आहे. माझ्यासाठी तिने त्यातील धान्य आणि तेल कमी केले, भाज्या आणि डाळी मात्र तशाच ठेवल्या. त्या ताटात ‘बंद’ असे काही नाही आणि प्रत्येक गोष्टीपुढे वजन आहे, हेच मला पटले.

तेलाचा हिशेब आम्ही घरी बसून केला. चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. ते चौघांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज ३८ ग्रॅम होते. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात केवळ तेलाच्या तीनशे चाळीस कॅलरी जात होत्या, आणि त्या कोणत्याच रंगाच्या रकान्यात दिसत नव्हत्या. कृष्णाकाठची वांगी भरायची म्हणजे कांदा-लसूण मसाला, दाण्याचा कूट आणि वर तरंगणारे तेल, हे गृहीतच असते. वांगे हिरव्या रकान्यात, आणि ते ज्यात पोहते ते तेल कोठेच नाही! आता फोडणीसाठी चमचा ठरलेला आहे, डबा सात आठवडे पुरतो, आणि माझ्या यजमानांनी ‘रस्सा उघडा पडला’ अशी कुरकुर पंधरा दिवस करून मग सोडून दिली.

शेंगदाण्याबाबत मात्र मी त्या मुलीशी वाद घातला आणि माझ्या मते जिंकलेही. तक्त्यात शेंगदाणा सरसकट बंद होता. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात हे खरे; पण त्यातच पंचवीस ग्रॅम प्रथिनेही असतात, आणि शेंगदाण्याची चटणी नसेल तर भाकरीबरोबर माणूस दुसरे काहीतरी जास्तच खातो. शेवटी दिवसाला वीस ग्रॅम, चटणी आणि कूट मिळून, असे ठरले. भडंगाला हीच सवलत मिळाली नाही. चुरमुरे हलके असतात म्हणून सांगलीकर भडंगाकडे निष्पाप खाणे म्हणून पाहतो, परंतु त्यातील तेल आणि दाणे चुरमुऱ्यांसारखे हलके नसतात, आणि भडंग वाटीत काढून खाणारा सांगलीकर माझ्या पाहण्यात नाही. पुडा समोर असतो आणि गप्पा चालू असतात. आठवड्यातून एकदा, वाटीत काढून, असा तोडगा निघाला. तो मी सगळ्या आठवड्यांत पाळला असे लिहिले तर खोटे होईल.

उपवासाविषयीचा सल्लाही तक्त्यात नव्हता आणि प्रत्यक्ष भेटीत चांगला मिळाला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिने नावापुरती. त्यावर तूप, कूट आणि बटाटा चढला की एकादशी रोजच्या जेवणाला मागे टाकते. त्याऐवजी मोजून वरई, दाण्याची पातळ आमटी, उकडलेले रताळे आणि ताक असे ताट तिने बसवून दिले. सासूबाईंनीही ते मान्य केले, कारण त्यांच्या लहानपणी एकादशीला वरईच असायची.

आता तक्रारी. केंद्राच्या काउंटरवर प्रथिनांच्या भुकटीचे डबे आणि ‘शुगर फ्री’ बिस्किटे विकायला ठेवली आहेत, आणि प्रत्येक भेटीत स्वागतकक्षातील बाई ती घेण्याचा आग्रह करतात. शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसली की पाकिटावर ‘शुगर फ्री’ लिहिता येते. मैदा आणि तेल किती असावे, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. त्या पाकिटाची मागची बाजू वाचली तर शंभर ग्रॅमला साडेचारशेहून अधिक कॅलरी छापलेल्या होत्या. भुकटीचा डबा १,८०० रुपयांचा. आमच्या घरी हुलग्याचे माडगे होते, मटकीची उसळ होते, अंडी चालतात, आणि ढाब्यावर मिळणारा आख्खा मसूर वरची तर्री बाजूला ठेवून घरी करता येतो. शंभर ग्रॅम हुलग्यांत वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. मी डबा घेतला नाही. आहारतज्ज्ञाने स्वतः तो घ्या असे एकदाही म्हटले नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते.

व्हॉट्सॲपवरची उत्तरे दुसऱ्या दिवशी येतात. जेवणाच्या पंगतीत बसून ‘हे चालेल का’ असे विचारणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. दुसरे असे की पहिल्या भेटीतच पिठाचे आणि तेलाचे वजन विचारले असते, तर माझे तीन आठवडे वाचले असते. ज्यांनी माझ्यासारखा रागाने प्रश्न विचारला नाही ते अजूनही हिरव्या रकान्यातील भाकरी पोटभर खात असतील.

तीन महिन्यांअखेर वजन ६९.२ किलो भरले, म्हणजे ४.८ किलो कमी झाले, आणि त्यातील बहुतेक दुसऱ्या भेटीनंतरच्या नऊ-दहा आठवड्यांतले आहे. पुढील तीन महिन्यांचे पॅकेज मी घेतले नाही. ३०० रुपयांत एक सुटी भेट मिळते, ती मात्र हुरड्याच्या दिवसांत घेणार आहे, कारण हुरडा ज्वारीत धरायचा की भाजीत, यावर आमच्या घरी एकमत नाही. तेथे जाणाऱ्यांनी छापील तक्ता घ्यावा, पण सोबत आपल्या घरातील एका भाकरीच्या पिठाचे वजन, महिन्याला लागणारे तेल आणि घरची आमटीची वाटी एवढे घेऊन जावे. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, सकाळी अकराच्या सुमारास निवांत बोलता येते. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही; माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या दोघी गुडघ्यांसाठीच वजन उतरवायला आलेल्या होत्या, आणि त्या जिन्याबद्दल त्यांनी जे काढले ते येथे लिहिण्याजोगे नाही.