सहा कोंबड्यांचे तयार लाकडी खुराडे : बांधणी भक्कम, पण अंडी का घटली?

'सहा कोंबड्यांसाठी' म्हणून विकले जाणारे हे तयार लाकडी खुराडे घेऊन आम्हाला दोन महिने होत आले. जुन्या खुराड्यात सहा कोंबड्या मिळून रोज चार ते पाच अंडी देत होत्या. नव्या खुराड्यात पहिल्या दिवशी चार अंडी मिळाली, दुसऱ्या दिवशी दोन आणि चौथ्या दिवशी एकही नाही. कोंबड्या धडधाकट होत्या आणि खाद्यही तेच होते, त्यामुळे दोष खुराड्याचा की जागा बदलल्याचा, हे शोधण्यात माझे बरेच दिवस गेले. त्यातून जे कळले ते खुराडे घेण्याच्या विचारात असलेल्यांना उपयोगी पडावे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

बांधणीबद्दल तक्रार नाही. लाकूड जाड आहे, जाळी बारीक आणि घट्ट आहे, कड्या मुंगूस किंवा मांजराला उघडता येणार नाहीत अशा आहेत. छपराखाली वाऱ्यासाठी ठेवलेल्या फटी कोंबड्यांच्या डोक्यावर येतात, त्यामुळे दमट हवा आणि विष्ठेचा उग्र वास बाहेर पडतो, पण झोपलेल्या कोंबड्यांच्या अंगावर थेट वारा येत नाही. तळाचा पत्रा ओढून काढता येतो, त्यामुळे सफाई दहा मिनिटांत होते.

अंडी घटण्यात काही वाटा खुराडे कितीही चांगले असले तरी येणारच होता, हे आधी सांगितले पाहिजे. एक अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास कवच चढण्यातच जातात. म्हणजे पहिल्या दिवशी मिळालेली चार अंडी जुन्या खुराड्यातच घडायला लागलेली होती. त्यानंतर मात्र भेदरलेल्या कोंबडीचे शरीर अंड्यांचे काम मागे ठेवते. तिसऱ्या दिवशी मिळालेल्या एकमेव अंड्यावर चुन्याचा हात फिरवावा तसा पांढुरका, खरखरीत थर होता. कोंबडी घाबरून किंवा मनासारखी जागा न मिळाल्याने अंडे रोखून धरते, तेव्हा कवचावर असा जादा थर बसतो. नंतरच्या एका अंड्याला मधोमध उंचवट्याचा पट्टा होता. कवच अजून कोवळे असताना कोंबडी उडाली किंवा दाबली गेली की ते आतच तडकते आणि आतच सांधले जाते, तेव्हा असा पट्टा उमटतो. ही दोन अंडी हातात घेतल्यावरच मला खात्री झाली की हा आजार नसून भीती आहे.

अंडी लगेच पूर्ववत का होत नाहीत, याचेही कारण शरीरातच आहे. पिवळा बलक अंडे घालण्याआधीच्या सात ते दहा दिवसांत झपाट्याने भरतो. मोठा ताण आला तर हे वाढीला लागलेले बलक शरीर पुन्हा शोषून घेते, आणि मग कोंबडी शांत झाली तरी नवे बलक भरेपर्यंत आठवडा-दीड आठवडा थांबावेच लागते. या काळात धीर सोडून खाद्य बदलले, खुराडे पुन्हा हलवले किंवा नव्या कोंबड्या आणून सोडल्या, तर हीच घडी पुन्हा विस्कटते.

तरीही आमच्याकडे अंडी पूर्ववत व्हायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला, आणि हा जादा काळ मी या खुराड्याच्या आतल्या मांडणीच्या खात्यावर टाकतो. सर्वांत मोठी चूक पाण्याची. खुराड्यासोबत थेंब-थेंब पाणी देणाऱ्या तोट्या येतात. आमच्या कोंबड्या आयुष्यभर पसरट भांड्यातून पाणी प्यायलेल्या. त्या चकाकणाऱ्या तोटीला चोच मारली तर पाणी येते, हे त्यांना कसे कळावे? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीतले पाणी जवळजवळ तेवढेच राहिलेले पाहून मला धस्स झाले. अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. काही तास जरी पाणी तुटले तरी अंड्यांवर परिणाम होतो. जुने भांडे परत ठेवल्यावर सहाही कोंबड्या त्याच्याभोवती गोळा झाल्या आणि कितीतरी वेळ माना वर करून पाणी गिळत राहिल्या. तोट्यांची सवय नंतर भांडे शेजारी ठेवूनच हळूहळू लावली. ही सूचना माहितीपत्रकात पहिल्या ओळीत असायला हवी होती. तिथे फक्त स्क्रू कुठे बसवायचे तेवढेच आहे.

दुसरी चूक बसण्याच्या दांडीची. ती अंड्याच्या पेट्यांच्या काठाइतक्याच उंचीवर आहे. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागा शोधते. दांडी उंच नसेल तर ती पेटीत झोपते. रात्री बॅटरी घेऊन पाहिले तर तीन कोंबड्या पेट्यांत अंग मुडपून झोपलेल्या होत्या आणि सकाळी भुसा विष्ठेने माखलेला होता. अशा पेटीत कोंबडी अंडे घालायला जात नाही. मी दांडी वीतभर वर घेतली आणि पेट्यांच्या तोंडाशी गोणपाटाचा पडदा लावून आत अंधार केला, कारण अंडे घालताना कोंबडीला आडोसा लागतो. प्रत्येक पेटीत एक लाकडी अंडे ठेवले, म्हणजे जागा कशासाठी आहे ते तिला कळते. पेट्या दोन आहेत. सहा कोंबड्यांना तेवढ्या पुरतात.

'सहा कोंबड्यांसाठी' हा दावा मात्र मला मान्य नाही. आतली जागा सुमारे १२ चौरस फूट आहे आणि दर कोंबडीला खुराड्यात साधारण ४ चौरस फूट जागा असावी असे धरले जाते. म्हणजे ही जागा तीन कोंबड्यांची आहे. पहिला आठवडा आम्ही त्यांना नवे घर ओळखू यावे म्हणून आतच ठेवले, आणि त्या दाटीत कोण वरचढ आणि कोण खालची ही आधी जुळलेली उतरंड पुन्हा ठरू लागली. सर्वांत दुबळी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, खाद्यापाशी आली की टोचली जाई. दुसऱ्या कोपऱ्यात खाद्याचे आणखी एक भांडे ठेवल्यावर तिचे पोट भरू लागले. आता दिवसभर कोंबड्या बाहेर असतात, म्हणून निभते.

प्रत्येक घट खुराड्याच्या माथी मारू नये. दिवस लहान होत असतील आणि खुराड्यात पिसांचा सडा दिसत असेल तर ती पिसझड आहे. त्यात कोंबडी दोन-तीन महिनेही अंडी थांबवते. कोंबड्या मोकळ्या सोडत असाल तर झुडपांत आणि लाकडांच्या मागेही पाहावे. आमच्या एका कोंबडीने अंडी बंद पडल्याचे भासवून कुंपणाजवळच्या गवतात सात अंडी साठवली होती.

मी या खुराड्याला पाचांपैकी तीन तारे देतो. दांडी वर घ्यायची, पडदा लावायचा, पाण्याचे जुने भांडे सोबत न्यायचे आणि कोंबड्या तीनच, फार तर चार ठेवायच्या अशी तयारी असेल तर अवश्य घ्यावे. चोविसाव्या दिवशी आमच्याकडे पुन्हा पाच अंडी मिळाली. त्यांतले एक त्या तलंगेचे होते, लहानसे, पण कवच अगदी गुळगुळीत.