कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरच्या दहा बैठका आणि माहितीपत्रकातून गळलेला आकडा

विलेपार्ले पूर्वेकडील एका अ‍ॅक्युपंक्चर केंद्रात मी दिवाळीनंतरच्या पाच आठवड्यांत दहा बैठका घेतल्या. अंधेरी ते चर्चगेट असा रोजचा लोकलचा प्रवास आणि दिवसभर खुर्चीवरचे काम यांमुळे चार वर्षे जडलेली कंबरदुखी हे त्याचे कारण होते. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या उपचारापेक्षा तिथल्या माहितीपत्रकाबद्दल आहे, आणि तशी माहितीपत्रके अनेक ठिकाणी वाटली जात असावीत.

सेवेबद्दल बोलायचे तर पाचपैकी चार गुण मी निःसंकोच देईन. सुयांचे सीलबंद पाकीट प्रत्येक वेळी माझ्यासमोर फोडले जाई आणि वापरलेल्या सुया लगेच वेगळ्या डब्यात टाकल्या जात. डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी जवळजवळ तासभर विचारपूस केली: झोप कशी लागते, गाडीत उभे राहावे लागते का, दुखणे सकाळी जास्त असते की संध्याकाळी. चार वर्षांत इतके शांतपणे माझे कुणी ऐकून घेतले नव्हते. कंबर, गुडघ्यामागची खोबण आणि घोटा येथे सुया टोचून अर्धा तास पडून राहायचे. टोचताना वेदना नगण्य, नंतर एक जडपणा. दहा बैठकांचे आठ हजार रुपये आगाऊ घेतले गेले. माझ्या वहीतील नोंदीनुसार दहापैकी सातवर असलेले दुखणे शेवटी चारवर आले.

आता माहितीपत्रकाकडे वळतो. पहिल्याच पानावर ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असे ठळक अक्षरांत छापले आहे आणि त्याखाली जर्मनीतील २००७ सालच्या मोठ्या चाचणीचे दोन आकडे आहेत: सहा महिन्यांनंतर अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना लक्षणीय फायदा झाला, तर औषधे, व्यायाम आणि फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना. दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या त्या चाचणीत तिसराही एक गट होता, ज्याला शास्त्रात सांगितलेले बिंदू टाळून भलत्याच ठिकाणी वरवर सुया टोचल्या होत्या. त्या गटातील ४४.२ टक्के रुग्णांना तसाच फायदा झाला. हा तिसरा आकडा माहितीपत्रकात नाही, आणि माझ्या मते त्या चाचणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सुई कुठे टोचली याने जवळजवळ फरक पडत नसेल, तर केंद्राच्या भिंतीवर टांगलेल्या शरीराच्या नकाशातील रेषा आणि बिंदू नेमके काय करतात, हा प्रश्न टाळता येत नाही.

अर्धशिशीचेही असेच आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतीलच ३०२ रुग्णांच्या चाचणीत खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ५१ टक्के, लुटुपुटूच्या अ‍ॅक्युपंक्चरने ५३ टक्के आणि नुसते प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झाले.

नकली उपचार कसा करतात, असे कुणी विचारेल. एक मार्ग वर सांगितलाच. दुसरा म्हणजे १९९८ साली जर्मनीत तयार झालेली बोथट सुई, जी नाटकातल्या खंजिरासारखी दाबल्यावर मुठीत सरकते आणि रुग्णाला मात्र टोचल्यासारखे वाटते. तरीही सुई धरणाऱ्याला खरे-खोटे ठाऊक असतेच, आणि तो त्या चाचण्यांतील न बुजणारा दोष आहे, कारण त्याचा उत्साह रुग्णापर्यंत पोहोचतो.

अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे अनेक चाचण्यांतील एकेका रुग्णाची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण. २०१८ साली ते ३९ चाचण्या आणि २०,८२७ रुग्णांपर्यंत पोहोचले होते. त्यात खऱ्या सुया नकली सुयांपेक्षा सरस ठरल्या, पण थोड्याच. त्याच अभ्यासकांनी २०१२ साली दिलेले उदाहरण बोलके आहे: शंभरपैकी साठवर असलेले दुखणे अ‍ॅक्युपंक्चरविना ४३ वर येते, नकली सुयांनी ३५ वर आणि खऱ्या सुयांनी ३० वर. म्हणजे तीस अंकांपैकी सतरा अंकांचा उतार सुयांविनाही झालाच असता, आणि नेमक्या बिंदूंचे श्रेय फार तर पाच अंकांचे. माझ्या वहीतील सात ते चार हा प्रवास मी याच उदाहरणाच्या उजेडात वाचतो. दुखणे शिगेला पोहोचल्यावरच मी तिथे गेलो होतो, आणि शिगेला पोहोचलेले दुखणे बहुधा आपसूक काहीसे उतरते.

माहितीपत्रकात चीनमधील चाचण्यांचाही गौरवाने उल्लेख आहे. १९९८ सालच्या एका आढाव्यात चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथून आलेली अ‍ॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी अनुकूल निघालेली आढळली होती. जिथे एकही चाचणी नापास होत नाही, तिथल्या निकालांवर माझा विश्वास बसत नाही. प्रतीक्षाकक्षात डॉ. कोटणीस यांचे छायाचित्र आहे. सोलापूरच्या या डॉक्टरांबद्दल मला अतिशय आदर आहे, पण चीनमध्ये त्यांनी केले ते युद्धातील जखमींच्या शस्त्रक्रियांचे काम होते. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले ते त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील डॉ. बसू यांनी, १९५९ साली कोलकात्यात.

मला सर्वाधिक खटकले ते शेवटचे पान, जिथे मधुमेह आणि थायरॉइडपासून वंध्यत्वापर्यंत सगळ्या विकारांची यादी आहे. आयव्हीएफ घेणाऱ्या ८४८ स्त्रियांवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या सुया टोचलेल्या गटात १८.३ टक्के आणि नकली सुयांच्या गटात १७.८ टक्के स्त्रियांना मूल झाले. आधीच लाखो रुपये आणि उमेद खर्च करून बसलेल्या जोडप्याला हा आकडा न सांगता आणखी दहा बैठका घ्यायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

जुनाट कंबरदुखी किंवा वारंवार उठणारी डोकेदुखी असेल, निदान आधी पक्के झालेले असेल आणि आठ हजार रुपये जड जाणार नसतील, तर या केंद्रात जायला माझी हरकत नाही. कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी केलेली शिफारस २०१६ साली मागे घेतली, अर्धशिशीसाठी मात्र ती कायम ठेवली. मतभेद अजून जिवंत आहेत.

शेवटच्या बैठकीनंतर मी डॉक्टरबाईंना ४४.२ हा आकडा माहितीपत्रकात छापण्याची विनंती केली. त्यांनी तो शांतपणे लिहून घेतला आणि पुढच्या छपाईच्या वेळी विचार करू, असे सांगितले. गेल्या आठवड्यात पावती घ्यायला गेलो, तेव्हा काउंटरवर नवा गठ्ठा आला होता. पहिल्या पानावर आकडे दोनच होते.