महापालिकेचं तक्रार ॲप : नऊ महिने वापरल्यानंतर

नऊ महिन्यांत या ॲपवर १४ तक्रारी टाकल्या. ९ पूर्ण सुटल्या, ३ अर्ध्यामुर्ध्या, २ लटकलेल्या आहेत. पूर्वी फोन करायचो तेव्हा कुणी लिहून तरी घेतलं का, हे कळायला मार्ग नव्हता. आता हातात क्रमांक असतो. त्यामुळे ॲप काढून टाकायचा विचार नाही. पण एक गोष्ट फार खटकली.

आधी चांगलं. दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक टाकला की पत्ता समजावत बसावं लागत नाही, तक्रार थेट विद्युत विभागाकडे जाते. माझी पहिली तक्रार दोन दिवसांत मिटली. नकाशावरची पिन मात्र उंच इमारतींमध्ये सरकते, कारण जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आदळून येतो. माझा एक खड्डा असाच मागच्या गल्लीत नोंदला गेला. तेव्हापासून पिन बोटाने ओढून जागेवर आणतो आणि फोटोत जवळची ठळक खूण घेतो. तुम्हीही घ्या.

आता खटकलेली गोष्ट. चौथ्या महिन्यात आमच्या वळणावरच्या चेंबरचं झाकण तुटलं. कुणी पडू नये म्हणून एकाने त्यात झाडाची फांदी खोचून ठेवली होती. तक्रार टाकली, चौथ्या दिवशी मेसेज आला, ‘निराकरण झाले’. खाली जाऊन पाहतो तर फांदी तशीच. ॲपमध्ये जोडलेल्या फोटोत नवंकोरं झाकण आणि शेजारी दुभाजक. आमच्या रस्त्याला दुभाजकच नाही! तक्रार पुन्हा उघडायची सोय नव्हती. नवी टाकली की नवा क्रमांक, आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

वॉर्ड ऑफिसला गेलो. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी स्क्रीनच माझ्याकडे फिरवली. मुदतीत बंद न झालेली तक्रार आपोआप वरिष्ठांकडे जाते, खात्याच्या नावापुढे लाल खूण येते. माणसं दोन वॉर्डांत मिळून एकच तुकडी. ते मनापासून बोलत होते, आणि झाकण दुसऱ्या दिवशी बसलंही. पण तक्रार किती दिवसांत बंद झाली एवढंच वर मोजलं जात असेल, तर खालचा माणूस ती आधी बंद करणार आणि काम जमेल तेव्हा करणार.

ब्रिटनमध्ये ‘फिक्समायस्ट्रीट’ ही रस्त्यांच्या तक्रारींची वेबसाइट २००७ पासून चालू आहे. तिथे तक्रार सगळ्यांना दिसते, आणि चार आठवड्यांनी तक्रारदारालाच ईमेल करून विचारतात, काम झालं का? इतकी साधी गोष्ट आपल्या ॲपमध्ये का नसावी? बंद करताना तक्रारदाराकडून ओटीपी घ्या, म्हणजे दुसऱ्याच चेंबरचा फोटो चालणार नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय, हेही मनातून जात नाही. त्यांच्या गल्लीतून तक्रार येत नाही, मग नकाशावर ती गल्ली ठीकठाक दिसते. अमेरिकेतल्या बाल्टिमोरने १९९६ मध्ये ३११ हा तातडीच्या नसलेल्या कॉलसाठीचा क्रमांक सुरू केला तो साध्या फोनवर. तसा फोन आणि हे ॲप एकाच नोंदवहीला जोडलेले हवेत. शेजारच्या आजींच्या दोन तक्रारी माझ्याच खात्यातून टाकल्यात.

‘अर्थसंकल्पासाठी सूचना’ हा विभाग सातव्या महिन्यात आला. चाकाच्या खुर्चीसाठी फुटपाथला उतार करावा असं सुचवलं. उत्तर आलं, ‘नोंद घेतली’. पुढे काहीच नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ पासून लोक भागाभागांत सभा घेऊन कुठलं काम आधी व्हावं हे ठरवू लागले. निदान कुठली सूचना घेतली, कुठली नाकारली आणि का, एवढं तरी आम्हाला कळू द्या.

गेल्या महिन्याच्या अपडेटमध्ये ‘पुन्हा उघडा’ हे बटण आलंय, तक्रार बंद झाल्यावर सात दिवस चालतं. तुंबलेल्या गटारासाठी वापरलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, “तुम्ही जागेवर याल का?” गेलो, कुठून पाणी उलटं येतं ते दाखवलं, आणि माझ्यासमोर गाळ काढला. त्याच गटाराच्या कडेचा फुटपाथ अजून खचलेलाच आहे. ती तक्रार आज १४२ दिवसांची झाली; रविवारी तिला नवा फोटो जोडला.