यार्डातला चार्जर की हायवेवरचा?

इलेक्ट्रिक ट्रक घेतला की पहिला प्रश्न हाच. हिशेब मांडू. 250 युनिटची बॅटरी 20 वरून 80 टक्क्यांवर न्यायला 150 युनिट लागतात. हायवेवरच्या 60 किलोवॉटच्या चार्जरवर अडीच तास, 240 च्या चार्जरवर कागदावर चाळीस मिनिटांच्या आत. पण बॅटरी तापली की चार्जिंगचा वेग आपोआप घटतो, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे पारा 45 च्या आसपास!

त्याहून मोठी अडचण जागेची. बहुतेक ठिकाणी आखणी कारच्या मापाने केलेली. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ड्रायव्हरने गाडी आडवी लावली, दोन कार अडकल्या, लोक ओरडले, आणि केबल ताणूनही सॉकेटपासून हातभर कमीच पडली. भर उन्हात त्याला तसंच परत फिरावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

यार्डात 30 किलोवॉटवर तेवढेच युनिट रात्रीच्या पाच तासांत भरतात, गाडी तशीही उभीच असते. फक्त महावितरणकडून लोड वाढवून घ्यावा लागतो. वाडी-बुटीबोरी फेऱ्यांसाठी मी यार्डच निवडेन. समृद्धीवरून मुंबईकडे जायचं असेल तर मात्र वाटेतला चार्जर लागणारच. निघण्याआधी फोन करून ट्रक आत वळतो का, एवढं विचाराच.