बार्बाडोसची किनारपट्टी : काही महिने राहून घेतलेला अनुभव

कॅरिबियनमधील बार्बाडोसच्या सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘वेलकम स्टॅम्प’ योजनेमुळे परदेशी कंपनीचे काम करत त्या बेटावर बारा महिन्यांपर्यंत राहता येते. त्या परवान्यावर आम्ही दोघे दक्षिण किनाऱ्यावरील वर्दिंग या वस्तीत भाड्याच्या घरात राहिलो. घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असल्याने पुण्याच्या कार्यालयाचा दिवस तिथे मध्यरात्री सुरू होऊन सकाळी संपत असे आणि उरलेला वेळ समुद्रासाठी मोकळा मिळे. माझे मत आधीच सांगतो : या बेटावर पैसे खोलीसाठी मोजावेत, समुद्रासाठी मोजण्याचे कारण नाही, कारण येथील सर्व पुळणी कायद्याने सार्वजनिक आहेत.

बेट ३४ किलोमीटर लांब आणि जेमतेम २३ किलोमीटर रुंद असले, तरी तिन्ही बाजूंचा समुद्र वेगवेगळा आहे. वारे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे अटलांटिकच्या लाटा पूर्व किनाऱ्यावर आदळतात आणि बेटाच्या आडोशाला असलेला पश्चिम किनारा बहुतेक दिवस शांत राहतो. महागडी रिसॉर्ट पश्चिमेकडेच का वसली, याचे उत्तर या वाऱ्यात आहे.

होलटाउन, पेन्स बे आणि मलिन्स हा त्या पश्चिम किनाऱ्याचा नावाजलेला पट्टा. १९६१ मध्ये सुरू झालेले सॅन्डी लेन हॉटेलही याच भागात आहे. पाणी खरोखरच काचेसारखे स्वच्छ असते, लहान मुलांना निर्धास्त उतरवता येते आणि पेन्स बेमध्ये हिरवी समुद्री कासवे अगदी जवळून दिसतात. मात्र कासवांना खाऊ घालून पर्यटकांच्या होड्यांभोवती जमवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती मला पटली नाही. होडी टाळून किनाऱ्यावरूनच पोहत जाणे अधिक बरे. वाळू सार्वजनिक असली तरी तिथे पोहोचण्याची वाट दोन हॉटेलांच्या भिंतींमधल्या बोळातून जाते आणि तिची पाटी शोधावी लागते. एका रिसॉर्टच्या खुर्चीजवळ आम्ही पंचा ठेवताच सेवक तत्परतेने आला आणि खुर्च्या केवळ पाहुण्यांसाठी असल्याचे त्याने सांगितले. नियमाने तो बरोबर होता, पण त्यानंतर आम्ही चटई घेऊनच जाऊ लागलो. शिवाय येथील पुळणी अरुंद आहेत. हिवाळ्यात उत्तरेकडून मोठ्या लाटा आल्या की काही ठिकाणची वाळू पार खरवडून निघते.

दीर्घ मुक्कामासाठी मी दक्षिण किनाराच निवडेन. रॉकली येथील अ‍ॅक्रा बीचवर लाटा बेताच्या असतात, किनाऱ्यालगत चालण्यासाठी पायवाट आहे आणि स्थानिक कुटुंबेही तिथे येत असल्याने परिसराला केवळ पर्यटनस्थळाचे रूप येत नाही. राजधानी ब्रिजटाउनच्या कार्लाइल बेमध्ये १९१९ मध्ये बुडालेली बर्विन ही नौका इतक्या उथळ पाण्यात आहे की पोहण्याचा चष्मा आणि श्वास घेण्याची नळी (स्नॉर्कल) लावून वरूनच पाहता येते. त्याच उपसागरातील पेबल्स बीचवर पहाटे शर्यतीच्या घोड्यांना आंघोळीसाठी आणतात. रात्रपाळी संपवून जाणाऱ्याला मात्र बहुधा त्यांच्या खुरांचे ठसेच पाहायला मिळतात. घरून तिथे जायला ‘झेड आर’ नावाच्या पांढऱ्या प्रवासी व्हॅन मिळतात. भाडे अंतर कितीही असले तरी ३.५० बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकी डॉलर. गाडीत दाटीवाटी आणि संगीत दोन्हींची तयारी ठेवावी.

पूर्वेकडील बाथशीबा पाहण्यासाठी उत्तम, पोहण्यासाठी धोकादायक. तिथल्या ‘सूप बोल’ या जागेच्या लाटा कसलेल्या सर्फरांसाठी आहेत. इतरांनी खडकांमधल्या उथळ डोहांत बसावे. आग्नेयेकडील क्रेन बीचची वाळू सुंदर आहे आणि वरच्या कड्यावरील हॉटेल १८८७ पासूनचे, पण २०११ पासून अटलांटिकमधून सरगॅसम हे तरंगते समुद्री शेवाळ प्रचंड प्रमाणात येऊ लागले आहे. त्याचे ढीग कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. याचा त्रास पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांना होतो, पश्चिम बहुतांशी वाचते. आणखी एक सावधगिरी : किनाऱ्यावरील मँचिनील झाडाचे फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे दिसते, पण ते विषारी आहे आणि पावसात त्या झाडाखाली उभे राहिल्यास अंगावर फोड येतात. अनेक झाडांवर त्यासाठी लाल पट्टा रंगवलेला असतो.

जेवणाबाबत मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शुक्रवारी रात्री दक्षिण किनाऱ्यावरील ऑइस्टिन्स या मच्छीमार गावात ताजे मासे भाजून देतात आणि निम्मे बेट तिथे लोटते. शाकाहाऱ्यांना बटाट्याची रोटी जागोजागी मिळते. ती त्रिनिदाद आणि गयानातील भारतीय वंशाच्या लोकांच्या स्वयंपाकातून इथे आली. भाजलेला नीरफणसही मिळतो, जो कोकणातल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही. किराणा मात्र महाग, कारण बराचसा माल आयात केलेला असतो.

घरभाडे आणि हॉटेलांचे दर डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सर्वाधिक असतात. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले, तरी त्याच्या लाटांनी मच्छीमारांच्या बऱ्याच होड्या मोडल्या. या दोन्ही काळांच्या मधला मे महिना स्वस्त पडतो, परंतु सरगॅसमही त्याच सुमारास जोरात असते. तेव्हा तेवढ्या महिन्यापुरते घर पश्चिमेकडे, स्पाइट्सटाउनच्या आसपास, शोधावे.