पंचेचाळीस लिटरची बॅग आणि रिफंडचा स्कॅनर

पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर माझ्या डोक्यामागं एक कागद चिकटवलेला आहे. ‘ओटीपी, पिन कुणालाही सांगू नका.’ तो मीच टाइप केला, मीच लॅमिनेट करून आणला आणि स्टुलावर चढून मीच चिकटवला. त्यामुळं पुढचं वाचताना हसायला आलं तर खुशाल हसा. घरचे हसून दमलेत.

त्रेचाळिसाव्या वर्षी मला ट्रायथलॉनचं वेड लागलं. साताऱ्यात पळणाऱ्यांना तोटा नाही. हिल हाफ मॅरेथॉनमुळं यवतेश्वरच्या घाटात भल्या पहाटेसुद्धा कुणी ना कुणी धापा टाकत भेटतंच. पळणं जमत होतं, सायकल नवऱ्याची होती आणि पोहायला लहानपणी माहेरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले होते. मग ग्रुपमधल्या सरांनी स्प्रिंटला, म्हणजे ट्रायथलॉनच्या छोट्या शर्यतीला, नाव घालायला लावलं: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. तयारीला चार महिने होते. सराव करायचा सोडून मी पहिल्यांदा काय केलं, तर बॅग शोधायला बसले.

कारण तसं खरंच होतं. तीन खेळांचं सामान एकाच वेळी न्यायचं म्हणजे खेळखंडोबा होतो. गॉगल, टोपी, टॉवेल, हेल्मेट, सायकलचे बूट, पळायचे बूट, नंबर लावायचा पट्टा, व्हॅसलीन, पाण्याच्या बाटल्या, पंक्चरचं सामान, पंप, वर बदलायचे कपडे. शर्यत संपल्यावर यातलं निम्मं ओलं आणि चिखलाचं झालेलं असतं, आणि मोबाईल, गाडीची किल्ली त्याच बॅगेत असते. म्हणून या खेळासाठी वेगळ्या बॅगा मिळतात. खाली ओल्या कपड्यांचा बंद कप्पा, वर हेल्मेटची जाळी, बाजूनं बुटांना जागा.

एकदा हे मोबाईलवर शोधलं आणि मोबाईलनं मला शोधून काढलं. दोन दिवसांत इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. काळी-केशरी बॅग, पंचेचाळीस लिटर, ‘वॉटरप्रूफ वेट कंपार्टमेंट’. ११,९९९वर काट मारून २,४९९. खाली लाल अक्षरांत ‘फक्त ३ शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ, चौदा मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या फोनवर तेच पान उघडलं तर तिथंही चौदाच मिनिटं राहिलेली आणि तीनच बॅगा. पण हे दुसऱ्या दिवशी. त्या रात्री मी त्या घड्याळाशी शर्यत लावली आणि जिंकले.

कॅश ऑन डिलिव्हरी दाबलं तर ‘तुमच्या पिनकोडवर उपलब्ध नाही’. ४१५००१ला! आमच्या गल्लीत तांदळापासून चपलांपर्यंत सगळं दारात पैसे देऊन येतं. इथंच थांबायला हवं होतं. मी काय म्हटलं, जाऊ दे, चांगली कंपनी असेल म्हणून आगाऊ मागत असतील. माणसाला वस्तू हवीशी झाली की तो दुकानदाराची वकिली फुकटात करतो.

अकराव्या दिवशी कुरिअरवाला पोरगा एक राखाडी प्लास्टिकची पुडी देऊन गेला. पुडीच म्हणायची, कारण आत बॅग घडी घालून बसवलेली. लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव तिसरंच, वस्तू ‘लेडीज टॉप’, वजन ५५० ग्रॅम. बॅगेवर किंमत, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, काही म्हणजे काही नाही. पॅक केलेल्या मालावर हे छापणं कायद्यानं सक्तीचं आहे, साध्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा असतं.

मी टेप आणली. लांबी ४२ सेंटीमीटर, रुंदी २८, जाडी ताणून ताणून १८. तिघांचा गुणाकार करून हजारानं भागलं की लिटर येतात. आले एकवीस. हेल्मेट आत गेलं, मग बूट गेले नाहीत. बूट आधी घातले तर हेल्मेट बाहेर.

राहिला तो ओला कप्पा. तांब्याभर पाणी घेतलं आणि स्वयंपाकघरातच त्यात ओतलं. दहा सेकंदसुद्धा थांबलं नाही. आधी शिवणीवर थेंबांची रांग लागली, टाचणीच्या डोक्याएवढे, एकाशेजारी एक, अगदी शिस्तीत. मग ते एकमेकांत मिसळले आणि धार लागली. सुई जिथं जाते तिथं भोक पडतं, म्हणून चांगल्या बॅगेत शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते आणि अस्तराला पाणी न सोडणारा थर दिलेला असतो. इथं नुसतं छत्रीसारखं पातळ कापड होतं. बंद करायला गेले तर वळणावर चेन अडकली, जोर लावला तशी रनरच्या मागनं उसवत आली. सासूबाई फडकं घेऊन फरशी पुसत म्हणाल्या, “बाजाराची पिशवी बरी गं यापेक्षा. किती दिले?” मी म्हटलं, सहाशे.

माझी खरी चूक या ‘सहाशे’पासून सुरू झाली. अडीच हजार गेले हे घरात कळू द्यायचं नव्हतं, म्हणून ते गुपचूप परत आणायचे होते.

वेबसाइटवर फोन नंबर नव्हता, नुसता जीमेलचा पत्ता. मेलला उत्तर नाही. मग मी त्या जाहिरातीखाली रागानं भलीमोठी कमेंट लिहिली: कधी मागवली, किती भरले, ऑर्डर नंबर काय. दहा मिनिटांत मेसेज आला, ‘असुविधा के लिए खेद है, अपना नंबर दीजिए.’ दिला. रात्री नवाच्या सुमारास फोन आला. गॅसवर कुकर होता, घरचे सगळे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. पलीकडचा माणूस इतका अदबीनं बोलत होता की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याला ऑर्डर नंबर माहीत होता, तारीख माहीत होती, रक्कम माहीत होती. म्हटलं, कंपनीचाच माणूस. ते सगळं मीच कमेंटमध्ये लिहिलं होतं, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

“मॅडम, रिफंड का स्कॅनर भेजा है. स्कॅन कीजिए, अमाउंट डालिए, पिन डालते ही पैसा आपके खाते में.”

मी स्कॅन केलं. २,४९९ टाकले. माझ्याच ॲपवर, ठळक अक्षरांत, ‘पैसे पाठवा’ असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि पिन टाकला. टिंग वाजलं. पैसे गेले.

यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो. घ्यायला पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही, काहीच करावं लागत नाही, पैसे आपोआप येतात. काउंटरवर आलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी हे रोज सांगते. दिवसातून दोनदा.

तो म्हणाला, “अरे, सिस्टीम एरर. अब दोनों साथ में आएंगे, ४,९९८ डालिए.” आणि मी तेही टाकले. का टाकले हे मला आजही धड सांगता येत नाही. गेलेले पैसे समोर दिसत होते आणि एका बोटावर परत येणार होते, एवढंच. तिसऱ्यांदा त्यानं ९,९९६ सांगितले तेव्हा कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद करायला वळले आणि त्या दोन पावलांत भानावर आले. फोन कट केला. बॅगेचे धरून एकूण गेले ९,९९६. बॅगेत गेले त्याच्या तिप्पट, बॅगेचे पैसे परत मिळवण्यात.

आणि मग आणखी एक गाढवपणा: रात्रभर गप्प बसले. सकाळी अकराला १९३०वर फोन लावला, म्हणजे चौदा तासांनी. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “किती वाजता गेले?” मी सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या, तेवढ्यात मला कळलं. १९३०चं काम असं चालतं: तुमचे पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून तिथं असतील तेवढे अडवायचे. पण हे लोक एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पैसे मिनिटांत फिरवतात. रात्री सव्वानवाला फोन केला असता तर बरेच सापडले असते. सापडले १,४००, ते होल्डवर आहेत आणि अजून माझ्या हातात आलेले नाहीत. बँक भरून देईल अशी आशाही नव्हती. खातेदारानंच स्वतः पिन टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं त्यालाच, रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक तेच सांगत होतं.

तक्रार सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर नोंदवली, मग सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आले. जाताना प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, तारीख-वेळ, चॅटचे आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट न्या. मी जाहिरातीचा काढून ठेवला नव्हता. तोवर पान गायब. बॅग फोडतानाचा व्हिडिओही नव्हता. ग्राहक हेल्पलाइन १९१५लाही विचारलं, पण तक्रार कुणाविरुद्ध लिहायची? नाव-पत्ता असलेलं कुणी समोर हवं ना.

नंतर एका रविवारी मुलानं ते पान मोबाईलच्या जुन्या टॅबमध्ये शोधून काढलं. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत जीएसटी नंबर होता. मी मोजला. चौदा अक्षरं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढं दहा अक्षरी पॅन, मग तीन. जीएसटीच्या सरकारी साइटवर तो टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं. मी कर्जाच्या फाइलींत हेच तपासते, आणि त्याचा मला पगार मिळतो! आता कुठंही आगाऊ पैसे भरायच्या आधी हे एवढं बघते, विकणाऱ्याचा पत्ता बघते, आणि दारात पैसे घ्यायला तयार नसेल तर सोडून देते.

बॅगेचं म्हणाल तर सरांना शेवटी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “ताई, आधी सामान चटईवर मांडायचं. मग त्याला बॅग शोधायची. तुम्ही बॅग शोधून तिच्यात सामान घालत होता.” शिवाय त्यांनी सांगितलं ते मला माहीतच नव्हतं: ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एक खेळ संपवून दुसऱ्याची तयारी करायच्या जागेत, सायकलशेजारी आपल्याला जेमतेम टॉवेलाएवढी जागा मिळते, मोठी बॅग तिथं बऱ्याचदा ठेवूच देत नाहीत. आयर्नमॅनसारख्या मोठ्या शर्यतींत तर आयोजकच पिशव्या देतात, सहसा सायकलच्या सामानाला निळी, पळण्याच्या सामानाला लाल. म्हणजे आपली बॅग गाडीतून तिथपर्यंत न्यायची आणि परत आणायची, एवढ्यापुरतीच.

चटईवर मांडलं. मुलाची ट्रेकची सॅक आणि एक बादली यात सगळं बसलं. बादलीत टॉवेल आणि बूट न्यायचे, तिथं ती पालथी घालून तिच्यावर बसून पाय पुसायचे, येताना ओले कपडे तिच्यातच. शर्यतीत बघितलं तर निम्म्या लोकांकडं बादल्याच होत्या. केशरी-काळी बॅग सासूबाईंनी कांद्यांना घेतलीय. कांद्याला हवा लागते म्हणतात, ती तिच्यात भरपूर.

हे लिहायला बसले ते परवाच्या फोनमुळं. “मुंबई सायबर सेल से बोल रहा हूँ, मॅडम. आपका नौ हजार नौ सौ छियानबे रिकव्हर हो गया है. सिर्फ ९९९ फाइल चार्ज.” रुपयासकट आकडा बरोबर होता. एकदा फसलेल्यांची यादी हे लोक आपसांत फिरवत असावेत. मी त्याला म्हटलं, थांबा हं, कुकर लागलाय, आणि फोन उचलून बाहेर टीव्हीसमोर नेला, स्पीकर चालू केला आणि सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी त्याला पहिल्यांदा त्याचं गाव विचारलं. मग आडनाव. तिसऱ्या प्रश्नाला त्यानं फोन ठेवला.