छातीच्या मारानंतर झडप: दुरुस्त करावी की बदलावी?

गाडीचं स्टिअरिंग छातीवर आदळतं, बरगड्या भरून येतात आणि सगळं निभावलं असं वाटतं. पण हृदयाचा उजवा कप्पा छातीच्या हाडाच्या अगदी मागे असल्यामुळे त्याच्या तोंडाशी असलेल्या ट्रायकस्पिड झडपेचे दोरे किंवा ते धरून ठेवणारा स्नायू तुटलेला असू शकतो. पाय सुजणं, पोट फुगणं, दम लागणं ही लक्षणं कधी कधी कित्येक वर्षांनी दिसतात. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर झडपेचा एक पडदा मोकळा फडफडताना दिसतो.

माझं मत स्पष्टपणे दुरुस्तीच्या बाजूने आहे. अशा रुग्णाची झडप मुळात निरोगी असते, फक्त आधार तुटलेला असतो. सर्जन गोरटेक्सचे (कृत्रिम धाग्याचे) नवे दोरे लावतात, तुटलेला स्नायू पुन्हा शिवतात आणि झडपेचं तोंड रिंगने आवळतात. स्वतःची झडप टिकते, रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही. मात्र हे वेळेवर व्हायला हवं. कप्पा ताणून मोठा झाला की दुरुस्ती अवघड होते.

पडदे फारच फाटले असतील तर बदलणं भाग पडतं. धातूची झडप टिकाऊ, पण वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची) तपासणी कायमची. शिवाय उजवीकडे दाब कमी असल्यामुळे गुठळीची भीती जास्त. प्राण्याच्या ऊतीची झडप काही वर्षांनी झिजते, म्हणजे तरुण रुग्णाला पुढे पुन्हा ऑपरेशन.

महाधमनीची (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीची) झडप फाटली असेल तर मात्र मीही बदलण्याकडेच झुकेन. तिथे दाब जास्त असतो, टाके उसवू शकतात.